शोकेसमधली बाटली

मंगळवार पेठेतल्या आमच्या या शेजाऱ्याच्या शोकेसमध्ये तीस वर्षं मुरलेली विलायती व्हिस्की आहे. चहाला आलेल्या माणसालाही तिची किंमत ऐकावीच लागते. ‘हात न्हाय लावायचा पावणं, नुसतं बघायचं!’ खंडेनवमीला गाडीबरोबर तिलाही हळदकुंकू वाहतो, झेंडूचा हार घालतो. पाजायची छाती नाही, म्हणून पूजा.

त्याचा तालमीतला जोडीदार मरेपर्यंत एका घोटासाठी मागे लागला होता. ‘पुढच्या दसऱ्याला फोडूया की,’ हे याचं ठरलेलं उत्तर.

जोडीदाराच्या रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या काठी नैवेद्य ठेवला, तर कावळा शिवेना. राहिलेली इच्छा सगळ्यांनाच ठाऊक होती. सगळ्यांनी याच्याकडे पाहिलं. हा तडक घरी गेला, पेला भरून घेऊन आला आणि नैवेद्याशेजारी ठेवला. कावळा लगेच शिवला. जोडीदाराचा मुलगा रडत याच्या पाया पडला, आणि यानं पडू दिलं.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो, तर बाटली जागेवर, सील जसंच्या तसं. मी नुसतं बोट दाखवलं.

‘साधीच नेलती,’ तो हसला. ‘कावळ्याला त्यातलं काय कळतंय, भावा?’