घरातली जिरायत

लातूर जिल्ह्यात सगळ्यात कमी जमीन आणि त्या जमिनीचं सगळ्यात जास्त दप्तर कुणाकडे असेल, तर ते माझ्या दाजींकडे, म्हणजे थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, यजमानांकडे. जमीन म्हणजे त्यांच्या लातूरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या बेचाळीस कुंड्या. कुंड्या आपलं सोयीसाठी म्हणते. त्यात तेलाचे डबे, कापलेल्या बाटल्या आणि एक गळका कुकरही धरलेला आहे. दाजींची सगळी नोकरी तलाठी म्हणून शिरूर अनंतपाळच्या आसपास गेली. जन्मभर दुसऱ्यांचे सातबारे लिहिले, स्वतःच्या नावावर गुंठाभर नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी खिडक्यांत, फ्रिजवर, ओट्याच्या कोपऱ्यात माती मांडली आणि बी पेरायच्या आधी रजिस्टर आखलं.

प्रत्येक कुंडीला गट नंबर आहे. गट नंबर चार, पुदिना, न्हाणीघराची खिडकी. गट नंबर सतरा, आंबट चुका. चतुःसीमा: उत्तरेस मिक्सर, दक्षिणेस गॅस. अक्काने एकदा कोथिंबिरीच्या डब्याला चिकटून मिठाची बरणी ठेवली, तर अतिक्रमण केल्याबद्दल तिला तोंडी समज मिळाली. कबुतराने आत शिरून मेथीचे कोंब खाल्ले तेव्हा मी नेमकी तिथे होते, म्हणून पंच झाले. "तेहतीस टक्क्यांच्या वर नुकसान दिसून राहिलंय," डब्यात वाकून दाजी म्हणाले. मी म्हटलं, "मुळात मेथी होती मूठभर." तर म्हणे, "मूठभर असो की एकरभर, पंचनामा तोच असतो, मेहुणीबाई." भरपाई म्हणून अक्काने मसाल्याच्या डब्यातून चिमूटभर मेथीदाणे दिले. मिरचीला फुलं आली की दाजी कान कोरायची कापसाची काडी घेऊन फुलाफुलाला शिवत फिरायचे. कुणी हसलं तर शांतपणे सांगायचे, "घरात मधमाशी येत न्हाई. ते काम मीच करून राहिलो."

या दप्तरातली एक चूक वर्षानुवर्षं कुणाला दिसली नाही, कारण ते दाजींशिवाय कुणी वाचतच नव्हतं. गेल्या वर्षी अक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन नांदेडला झालं आणि पुढे दीड महिना तिने तिथेच माझ्याकडे राहायचं ठरलं. माझ्या इमारतीला लिफ्ट आहे, त्यांच्या नाही. दाजींनी घाईत तिच्या पिशवीत दवाखान्याच्या फायलीसोबत रजिस्टरही कोंबलं होतं. दोन्हींचे पुठ्ठे लाल. पडून पडून कंटाळलेल्या अक्काने ते सगळं वाचलं आणि चष्मा काढला.

"ह्यांनी सगळ्या कुंड्या जिरायत लिहिल्यात गं."

जिरायत म्हणजे निव्वळ पावसावरची. मीही पाहिलं. बेचाळीसच्या बेचाळीस, पाण्याचं साधन: नाही.

"घरात कोणता पाऊस पडून राहिला?" ती म्हणाली. त्यांच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी अक्का पातेल्यात साठवायची आणि सकाळी दाजी फिरायला गेले की तांब्याने कुंड्यांना घालायची. दाजी परत येईपर्यंत माती ओली असायची. ती का ओली असते, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. जे आपोआप होतं त्याची नोंद करायची पद्धत नसावी.

दाजी लातूरला परतले त्याच्या चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. मी स्पीकर लावला. "सतरा नंबर मान टाकून राहिलाय. पुदिना तर गेलाच. हिला विचारा, काय करू?"

"जिरायत हाय ना," अक्का पडल्या पडल्या म्हणाली. "पावसाची वाट बघा."



नंतर ती कुंड्यांचं काही बोलली नाही. पण दीड महिना उलटला, डॉक्टरांनी जिने चढायची परवानगी दिली, तरी तिने बॅग काही काढली नाही. "इथं बरं हाय. लिफ्ट हाय," म्हणायची. दवाखाना सोडला तर त्या लिफ्टने ती एकदाही खाली उतरली नव्हती. आता ती लातूरला जाणारच नाही की काय, असं मला वाटायला लागलं. विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

एका दुपारी दाजी एसटीने आले. मांडीवर धरून आणलेला सतरा नंबर, त्याला तीन पानं; खिशात घडी घातलेला कागद. पाणीसुद्धा न पिता त्यांनी कागद अक्काच्या हातात दिला. फेरफार होता, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद. सगळ्या कुंड्या अक्काच्या नावे. जिरायत खोडून बागायत. पाण्याचं साधन: तिचं पूर्ण नाव. आणि 'इतर हक्क' या रकान्यात, जिथे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बहिणींची आणि विधवांची नावं बसत आली, तिथे दाजींनी स्वतःला बसवलं होतं.

"पंधरा दिवस नोटीस फ्रिजवर लावली होती," ते म्हणाले. "कुणाची हरकत आली न्हाई."

"घरात तुम्ही एकटेच होता."

"हाव. म्हणून मीच रोज वाचली."

अक्काने कागद उलटून पाहिला. "किती जगल्यात?"

"अकरा." मग सतरा नंबरचं पान सरळ करत, "तांदूळ धुवायला शिकलो."

"माझी बॅग काढ गं," अक्का मला म्हणाली.

प्रवास पुन्हा सोसणार नाही म्हणून सतरा नंबर माझ्याकडेच राहिला. गट नंबरच्या चिठ्ठीसकट माझ्या खिडकीत आहे आणि चांगला फोफावलाय. परवा चुक्याचं वरण भुरकत आमचे हे म्हणाले, "बरं हाय हे झाड. ह्याला काही करावंच लागत न्हाई." मी डाळ धुतलेलं पाणी घेऊन खिडकीशी गेले. दाजींसारख्या माणसाबरोबर एक दिवस काढणं मला जमलं नसतं. पण नोंद दुरुस्त करायची म्हटलं तरी आधी ती चुकीची का होईना, लिहिणारं कुणी घरात असावं लागतं.