कोणता कागद, वहिनी?

आज पहाटे वहिनी गेली. आता माझ्यावर लक्ष ठेवायला कोणी उरलं नाही.

हो, वहिनी माझ्यावर लक्ष ठेवून असते असं मला सत्तर वर्षं वाटत आलंय. घरचे हसतात. हसू देत.

पारोळ्याला आमचं किराणा दुकान होतं. पन्नास-साठच्या मधली वर्षं.
आमच्या घरात सातवी पास झालेली मी पहिलीच. मुलांतही पहिली.

दुपारी माझे वडील, आबा, जेवून आडवे झाले की गल्ल्यावर मी बसायची. वहिनी आतल्या दाराशी रद्दी फाडून पुड्या बांधायची. तिला अक्षर येत नव्हतं.

मी रद्दी वाचायची. फाडायच्या आधी, घाईघाईनं.

एका जुन्या साप्ताहिकात एक गोष्ट होती. क्रमशः. एक बाई सासरहून एकटीच माहेरी निघते, वाटेत नदीला पूर.
पुढची पानं आधीच जिऱ्या-मिरचीबरोबर लोकांच्या घरी गेलेली.

मी फक्त वहिनीजवळ हळहळले होते. तेवढंच.

आणि मग गिऱ्हाइकं कागद परत आणायला लागली.

हळदीचे डाग पडलेले, हातानं सारखे केलेले. "हाई तुनं शे का पाय." हे तुझं आहे का बघ.

एकीनं बोरं आणली. एकीनं केळीची फणी.
काशीअक्का नावाच्या एक म्हाताऱ्या यायच्या. त्यांनी तर माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, "वाच ना, माय. आम्ही बठतस."

मी रोज वाचून दाखवायची, पण मनात धास्ती.

सातवी झालेल्या पोरीशी परक्या बायका उगाच गोड बोलत नसत. गोड बोलणं म्हणजे स्थळ. कोणाचा तरी भाचा, कोणाचा तरी पुतण्या.
आणि जूनमध्ये गावातल्या हायस्कुलात माझं नाव घालायचं की लग्न करून टाकायचं, हे आबांनी अजून ठरवलं नव्हतं.

बोरं मी खाल्ली नाहीत. खाल्ली आणि उद्या कोणी म्हणालं, "पोरीनं आमचं घेतलंय," तर?

ती वहिनीनं खाल्ली. सगळी.
तिथं माझा संशय पक्का झाला.

ती मागच्या दाराशी बायकांशी कुजबुजायची. मी गेले की गप्प.

"काय बोलत होतीस?"
"गूळनं."
"गुळाचं बोलायला इतकं हळू?"
"मोठ्यानी बोलनं तं मुंग्या ऐकतीन, बाई."

हसली. मी नाही हसले.

एप्रिलात दोंडाईच्याहून एक पाहुणे आले. मुलाचे काका. दुकानातच बसले. आबांनी मला आतून पाणी घेऊन बोलावलं. मी पेला ताटलीत ठेवून बाहेर आले.

तेवढ्यात ओट्यावर बायका जमल्या. भर उन्हात. पाच-सहा जणी, हातात कागद. पुढे काशीअक्का.

त्यांनी सरळ आत येऊन कागद माझ्या हातात दिला. "वाच. कालदिन जठे ऱ्हायनं तठून."

मी आबांकडे पाहिलं. आबांनी पाहुण्यांकडे.
मी वाचलं. बाई नदीच्या काठाशी पोचली होती. नावाडी नाही म्हणत होता.

वाचताना माझ्या डोक्यात एकच. या बायकांना पाहुण्यांनीच पाठवलंय. मुलीला खरंच वाचता येतं का, ते बघायला.

कागद संपला. काशीअक्का आबांना म्हणाल्या,
"आबा, तुमनी आंडेर गई तं आमले कोण वाची दाखाडी?"

आबा म्हणाले, "अक्का, मुलगी काय जन्मभर माहेरी ठेवायची?"

"नका ठेवू. समोरना दुकानमा रेडिओ उना शे. आम्ही तठे जासूत. मीठ-मिरची बी तठेच लेसूत."


आबांना देवापेक्षा गिऱ्हाईक मोठं. समोरच्या दुकानावर तर त्यांचा विशेष जीव!

त्यांनी पाहुण्यांना चहा दिला. मग म्हणाले, "पोर लहान आहे अजून. दोन-चार वर्षं शिकू दे."

जूनमध्ये माझं नाव हायस्कुलात घातलं.

दुसऱ्याच दिवशी मी वहिनीला धरलं. "त्या बायकांना तू पढवलं होतंस?"

"हां."
"कागद आणायलाही?"
"हां."
"का?"

तिनं पुडीला दोरा गुंडाळला, तोडला.
"माले गोष्टना शेवट ऐकाना व्हता."

"एवढंच?"
"इतलंच."

मी विश्वास ठेवला नाही. पुढं नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली, तरी मी खरं कारण शोधत होते. कोणी माझ्यासाठी एवढं उगाच का करेल?

शेवटचं पान मात्र कोणाच्याच घरी सापडलं नाही. बायका म्हणायच्या, "मननं सांग ना." मी नाही सांगितलं. छापलंय तेवढंच वाचणार. तशीच आहे मी.

मागच्या आठवड्यात धुळ्याला तिला भेटायला गेले. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. ती माझा हात धरून पडली होती. अचानक म्हणाली,

"बाई, ती पोचनी का माहेरले?"

आयुष्यात पहिल्यांदा मी न छापलेलं वाचलं.
"पोचली, वहिनी. सुखरूप."

तिनं डोळे बारीक केले. माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे सत्तर वर्षं बघत आले, अगदी तसंच.

"कोणता कागदवर लिखेल शे?"

मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.
ती हसली. "ऱ्हाऊ दे. चांगलं वाचस तू."

कारण एवढंच होतं, वहिनी. आज पटलं.

नीट जा. पाणी उतरलंय.