न आलेल्या थ्रीजीची राखण

आमच्या ह्यांचा तो फोन दिसायला देखणा होता, ह्यात वाद नाही. तेव्हा आम्ही कनेरगाव नाक्यावर राहायचो, रस्त्यालगत ह्यांचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं. धाब्यावर थांबलेल्या एका ट्रक ड्रायव्हरकडून ह्यांनी तो जुना फोन घेतला. “ह्याच्यात थ्रीजी हाय,” असं आल्यागेल्याला सांगायचे. थ्रीजी म्हणजे फास्ट इंटरनेट. आमच्या भागात ते तेव्हा कुठंच आलं नव्हतं. अहो, धड लाइन नसायची, थ्रीजी कुठलं! पण ह्यांच्या खिशात ते आलं होतं आणि मान ताठ झाली होती.

सकाळी लाइन जायच्या आत फोन गच्च चार्ज करायचा आणि दुपारच्या जेवणापर्यंत त्यानं जीव सोडायचा, हा रोजचा नेम. माझा साधा बटणांचा फोन आठवड्यात दोनदा चार्ज केला तरी पुरायचा. ह्यांचं म्हणणं, “स्पीड पायजे तं बॅटरी जाणारच. गाडी जोरात पळवली तं डिझेल लागतंच की न्हाई?”

बराबर आहे. पण गाडी जागची हलली तर पाहिजे ना! त्या स्पीडवर ह्यांनी एक धबधब्याचं चित्र उतरवायला घेतलं होतं. गच्चीवर टाकीजवळ उभं राहून, हात वर करून. चित्र वरून खाली पट्टी-पट्टीनं उमटायचं, आणि पाणी खाली पोचायच्या आत फोन बंद पडायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा डोंगरापासून सुरुवात.

त्याच वर्षी, शाळा उघडायच्या तोंडावर, हिंगोलीच्या एका शाळेत गणिताची बाई हवी होती. तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढा पगार. बी.एड. होऊन मला चार वर्षं झाली होती आणि त्या चार वर्षांत बेअरिंगचे नंबर पाठ करण्यापलीकडं मी काही केलं नव्हतं. त्या नोकरीत माझा जीव अडकला होता. अर्जावर मी माझा नंबर लिहिला. ह्यांनी तो खोडून स्वतःचा लिहिला. “चांगल्या घरचा अर्ज हाय, कळू दे त्यायला.” नंबर बघून फोन कसला आहे हे कसं कळणार, असं मी विचारलं नाही. तेव्हा मी बरंच काही विचारत नसे.

मुलाखत चांगली झाली. निवड झाली तर फोन करू, असं सांगितलं.

चार दिवस काहीच नाही. मग मीच ह्यांना नाक्यावरच्या मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर नेलं. तिथल्या चाचांनी फोन उघडलासुद्धा नाही. म्हणाले, “खराबी कुछ नहीं. दिनभर थ्रीजी ढूंढ रहा है बेचारा. यहाँ है नहीं, तो ढूंढते ढूंढते थक जाता है. साधे नेटवर्क पे डालो, आराम से चलेगा.” एक बटण दाबायचं काम होतं. ह्यांनी फोन झटकन ओढून घेतला.

“न्हाई चाचा! बंद केलं अन् उद्या थ्रीजी आलं, तं मला कळंल कसं?”

मी कपाळावर हात मारला. “अहो, शाळेचा फोन येणार हाय.”

“मग येईल की! तू काहून घाबरून राहिली? सकाळी चालूच असतो ना फोन.”

शाळेचं ऑफिस उघडणार अकराला. चहापाणी, हजेरी उरकून क्लार्क फोन हातात घेणार दुपारी. तोवर ह्यांचा फोन थ्रीजी शोधून शोधून गार झालेला. रोज संध्याकाळी मी विचारायची, “आला का?” आणि हे अगदी खऱ्या मनानं सांगायचे, “न्हाई बा.”

आठव्या दिवशी कुणाला न विचारता मी एस.टी.त बसले. शाळेत क्लार्कनं माझं नाव ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. “मॅडम, तुमचंच नाव पहिलं होतं. तीन दिवस फोन लावला, रोज दुपारी. स्विच ऑफ. शेवटी दोन नंबरच्या बाईंना बोलावलं.” शेजारच्या वर्गातून त्या बाईंचा आवाज येत होता. अपूर्णांक शिकवत होत्या. छान शिकवत होत्या, तेच जास्त लागलं.

भांडायचं ठरवून निघाले होते, पण गाडीत रडून झालं. घरी येऊन ह्यांना एवढंच म्हटलं, “माझं नाव पहिलं होतं.” ह्यांनी खिशातून बंद पडलेला फोन काढला. लाइन आल्यावर तो चार्जिंगला लावला आणि माझ्यासमोर साध्या नेटवर्कवर टाकला.

चाचा खरं बोलले होते. फोन सलग तीन दिवस चालला. सकाळी बघा, दुपारी बघा, चालूच. ते तीन दिवस ह्यांनी तो माझ्याजवळ, स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला होता. एकदाही वाजला नाही.