पानावर न थांबणारा थेंब

वहिनींचा फोन आला तेव्हा मी देवगाव फाट्यावर गाडीची वाट पाहत उभी होते. दर रविवारी सेलूहून चारठाण्याला दादाकडे जायचं, हे ठरलेलंच होतं. "ताई, सावकाश या... आता घाई करून काय करता?" एवढंच त्या बोलल्या. पिशवीत रिठ्याचं पाणी होतं, गाळून बाटलीत भरलेलं. दादानंच मागवलं होतं.

माझा थोरला भाऊ मन्मथ जिंतूरला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. लोक त्याला 'थेंबवाले सर' म्हणत. त्यात कौतुक कमी, चेष्टा जास्त. पण त्या थेंबामागं आमचा चुलतभाऊ नागनाथ होता. उंच वाढलेल्या कपाशीत दिवसभर फवारणी करून तो घरी आला, ओट्यावर बसला आणि उलट्या सुरू झाल्या. परभणीला दवाखान्यात पोचेपर्यंत शुद्ध गेली, ती आलीच नाही. नागनाथला माती देऊन परतल्यावर दादा एकटाच त्याच्या रानात गेला. संध्याकाळी मला म्हणाला, "औषध पानावर थांबतच न्हाई गं. थेंब गोळा होतो, घरंगळतो. मग माणूस परत मारतो, जास्त मारतो... निम्मं जमिनीत जातं, निम्मं त्याच्या अंगात."

मग त्यानं तो थेंब मोजायला घेतला. लेथवाल्याकडून एक लोखंडी चौकट करून आणली. सुईतून पानावर थेंब सोडायचा, मागून दिवा लावायचा, बाजूनं फोटो काढायचा आणि थेंबाची कड पानाला टेकते तिथला कोन मोजायचा. कोन मोठा असला की थेंब गोल उभा राहतो, पानाला धरत नाही. लहान असला की पसरतो, पान ओलं करतो. रिठ्याचं पाणी मिसळलं आणि कोन उतरला, तेव्हा दादा पोरासारखा हसला होता. कमी औषधात भागेल, दुसऱ्यांदा फवारायला नको, असं त्याला वाटलं. पण सकाळच्या पानावर उतरलेला कोन दुपारच्या पानावर उतरेना. कोवळ्या पानाची तऱ्हा वेगळी, धुळीनं भरलेल्याची वेगळी. रिठा वाढवला तर सगळंच पातळ होऊन वाहून जाई. त्यात वर्षं गेली. कॉलेजला खोली हवी झाली, तसं त्यानं सामान उचलून आमच्या जुन्या किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत मांडलं. नागनाथची आई, आमची काकू, दिसेल तिथं विचारायची, "मन्मथा, झालं का रं तुझं औषध?" पुढं पुढं तो तिच्या गल्लीनं जाईनासा झाला.

मग साखरेनं त्याचे डोळे नेले. आधी जाळी, मग धूर, मग काहीच नाही. मी शाळेत चित्रकला शिकवते, कोन वाचता येतो, म्हणून रविवारी मी जाऊ लागले. थेंब मात्र दादाच सोडायचा, बोटांच्या अंदाजानं.

"किती आला?"

"एकशे दहा."

"मागच्या बारीला चौऱ्याऐंशी होता. तेच पाणी, तेच झाड... खरं सांगायलीस ना, सुमे?"

"खरंच सांगायले, दादा."

त्यानं चाचपडत सुई काढून ठेवली. मग हळूच म्हणाला, "खोटं सांगितलं असतंस तर लय बरं झालं असतं." आमची ती शेवटची बैठक. पुढच्या रविवारी सकाळी चहा घेता घेता त्याचं हृदय थांबलं.

आमच्यात जाळत नाहीत, मातीत बसवतात. परवा वहिनींसोबत दादाच्या समाधीवर बेल वाहायला गेले. बांधापलीकडं कपाशी होती आणि एक माणूस पाठीवर पंप घेऊन फवारत होता. तोंडाला काही बांधलेलं नव्हतं.

"भाऊ, रुमाल तरी बांधा," मी हाक मारली.

"गुदमरायलंय ताई त्यानं." ओळ संपवून तो वळला आणि त्याच ओळीत परत शिरला.

"आत्ता तर मारलं की तिथं?"

"राहिलंच न्हाई पानावर. दुबार मारायलोय."

वहिनी कुजबुजल्या, "सांगा की त्याला काहीतरी. तुमी दोघांनी एवढं केलंत..." काय सांगणार? इतक्या वर्षांत त्या माणसाच्या कामी येईल असं एक वाक्य आमच्या हाती लागलं नव्हतं. तेवढ्यात वारं आमच्याकडं फिरलं. वहिनींनी पदर नाकाला लावला, आणि दादाला त्या वासात तिथंच सोडून आम्ही दोघी उठलो.