सीट दोन खाचा मागे

रुपराव एस.टी.तून निवृत्त झाले तेव्हा उमरेड आगारात त्यांचा सत्कार झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि एकतीस वर्षांत एकही अपघात नाही, असं आगारप्रमुख चार लोकांसमोर बोलले. शाल त्यांनी पत्नीला, प्रेमिलाताईंना दिली. ते वाक्य मात्र स्वतःजवळ ठेवलं. हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत विषय पावसाचा असो की मुलांच्या लग्नाचा, रुपराव बोलता बोलता त्या वाक्यापर्यंत येऊन पोचत.

निवृत्तीनंतर त्यांनी भजनी मंडळ दोन महिने करून पाहिलं. मग ते गल्लीच्या टोकाला धर्मेंद्रच्या गॅरेजात जाऊन बसू लागले. धर्मेंद्रकडे एक जुनी जिप्सी आहे. समोरची काच काढलेली, इंजीन तापू नये म्हणून बॉनेटला भोकं पाडून जाळी बसवलेली. खडकाळ माळरानावर, ओढ्यानाल्यांतून गाड्या चालवायच्या ज्या हौशी शर्यती होतात, त्यांना तो आणि त्याची धाकटी बहीण मिनल ही गाडी घेऊन जात. मिनल उमरेडच्या एका शाळेत गणित शिकवते. त्यांच्या संघात घड्याळ धरायला आणि सामानाची यादी ठेवायला शांत माणूस हवा होता, म्हणून मी होतो.

तोवर गाडी धर्मेंद्र चालवायचा आणि दर शर्यतीत काहीतरी मोडून आणायचा. एकदा सरावात रुपराव सहज म्हणून स्टीअरिंगवर बसले आणि नाल्याच्या निसरड्या काठावरून जिप्सी अशी वर घेऊन आले, जणू बसमध्ये पन्नास माणसं बसली आहेत आणि त्यातली दहा उभी आहेत. ते खाली उतरले तेव्हा मिनल म्हणाली, "दादा, तू गाडी हाणतोस. काका चालवतात. आजपासून काका."

धर्मेंद्रने राग मानला नाही. पुढच्या दोन शर्यतींत काही मोडलं नाही आणि आमचा नंबर शेवटून दुसऱ्यावरून मधोमध आला.

मग नोव्हेंबरातली शर्यत. उमरेडच्या पुढे एका शेताच्या कडेचा ओढा, पाणी मांडीभर. पाण्यात शिरताना इंजिनाच्या पंख्यावर पाणी उडू नये म्हणून समोरची जाळी झाकतात. बाकीचे संघ ताडपत्री लावतात. रुपराव पोतं बांधत. एस.टी.त थंडीच्या पहाटे इंजीन लवकर गरम व्हावं म्हणून ड्रायव्हर मंडळी रेडिएटरपुढे पोतं बांधतात, ती त्यांची सवय. "पोत्यानं मले एकतीस वर्षं दगा नाही देल्ला," असं म्हणत त्यांनी घरून आणलेलं पोतं सुतळीने आवळून बांधलं. मी यादीत 'पोतं' या शब्दापुढे खूण केली.

मिनल वाट दाखवायला पायी पलीकडच्या काठावर गेली. गाडीत रुपराव एकटे. जिप्सी पाण्यात उतरली, मधोमध आली, मिनलने डावीकडे हात केला आणि गाडी सरळ उजवीकडच्या खडकावर गेली. डावा-उजवा विचार करायलाही वेळ मिळाला नाही. पुढच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला, स्टीअरिंगचा रॉड वाकला. धर्मेंद्र पाण्यात उडी मारून पोचला तेव्हा रुपराव डोळे चोळत बसले होते.

"चिखल गेला का काका डोळ्यात?"

"गेला असन." मग बऱ्याच वेळाने, काठावर बसून तोंड धुऊन झाल्यावर ते हळूच म्हणाले, "धर्मा, खडक दिसलाच नाही गा मले."

त्यानंतर अर्धा तास त्यांना नीट दिसत नव्हतं, हे त्यांनी त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की पुढच्या शर्यतीत गाडी मिनल चालवेल.

पुढची शर्यत तीन आठवड्यांवर होती. रुपराव रोज सकाळी नऊला गॅरेजात हजर. पाटा बदलताना जॅकपाशी तेच, रॉड सरळ करताना ठोक्यावर लक्ष तेच. पण गाडी दारातून हातभर बाहेर काढायची वेळ आली की म्हणत, "धर्मा, तू घे." मिनलने सीट दोन खाचा पुढे ओढून घेतली होती, कारण ती ठेंगणी आणि रुपराव चांगले उंच. एकदा ते पुसायला म्हणून त्या सीटजवळ गेले, लोखंडी पट्टीवरच्या खाचांवरून बोट फिरवलं आणि फडकं तिथेच ठेवून बाहेर आले.

मिनल मागे लागे. "काका, मले चढ जमते. पाण्यात माझे पाय थरथरतात. तुम्ही काहून नाही बसत?"

"तू शीक न वं. मी काय जन्मभर राहतो?"

"एका खडकानं एवढं?"

"खडक लहान नव्हता, मिनल. मोठा होता. त्याच्यासाठीच तर सांगून राहिलो."

खरी गोष्ट त्यांनी मला दुसऱ्या आठवड्यात सांगितली. खिशातून चिठ्ठी काढून दाखवली: सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली होती. "प्रेमिलाले बोलू नका, मधुकरराव. मोतीबिंदू असन तर असन. पण मंग त्या एकतीस वर्षांत शेवटची दोन-चार कशी गेली असतील? माणसं बसली होती न गाडीत." त्यांना पुढच्या शर्यतीची काळजी नव्हतीच. होऊन गेलेल्या फेऱ्यांची होती.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, रेडिएटरचं काम निघालं. ओढ्याचा चिखल त्याच्या पात्यांत वाळून घट्ट बसला होता. धर्मेंद्रने रेडिएटर खोलून फरशीवर उभा केला आणि कॉम्प्रेसरच्या नळीने मागून हवा मारली. भुरकट लाल धूळ उडाली. दोन क्षण काही नाही. मग धर्मेंद्रला ठसका लागला. मग मिनलला. मी शिंकत शिंकत दारापर्यंत गेलो. गल्लीतलं कुत्रं उठून चालतं झालं.

"बंद कर! बंद कर बे दादा!"

हवा बंद झाली. फरशीवर चिखलाच्या खपल्यांमध्ये पिवळ्या चपट्या बिया पडल्या होत्या. मिनलने एक उचलून पाहिली आणि ओरडली, "मिरची!"

या सगळ्यात रुपराव रेडिएटरशेजारी उभे होते. ठसका नाही, शिंक नाही. फक्त दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ते पापण्या उघडमीट करत होते.

"काका, तुम्हाले ठसका नाही लागत?"

"मले काहून लागन? आमच्या घरी कोणाले लागत नाही."

हे खरं होतं. प्रेमिलाताईंचं मिरची कांडपाचं यंत्र घराच्या पुढच्याच खोलीत आहे. वीस वर्षं त्या घरात भिवापुरी मिरची कुटली जाते. पाहुणे अंगणातूनच हाक मारतात. घरातली माणसं आत बसून चहा पितात.

"काका," मिनल डोळे पुसत म्हणाली, "त्या दिवशीचं पोतं कोणतं होतं?"

रुपरावांनी आठवून सांगितलं. नेहमीचं सरकीचं पोतं फाटलं होतं. निघायची घाई. दारात पडलेलं एक उचललं, झटकलंसुद्धा नाही. पंख्याने त्यातली पूड ओढली, बॉनेटच्या जाळीतून ती थेट तोंडावर. हेल्मेटची काच चिखलाने माखते म्हणून त्यांनी ती वर केलेली. दुसरा कोणी असता तर ठसक्याने लगेच ओळखलं असतं. यांना फक्त दिसेनासं झालं.

"म्हणजे मी आंधळा नाही झालो," ते म्हणाले आणि धर्मेंद्रच्या स्टुलावर बसले. आता डोळ्यांतलं पाणी कशाचं, हे कोणी विचारलं नाही.

माझ्या यादीत नुसतं 'पोतं' लिहिलेलं होतं. कसलं पोतं, हे लिहायला हवं होतं.

प्रेमिलाताईंना कळलं तेव्हा आधी त्या पाच मिनिटं हसल्या, मग चिठ्ठीचं कळल्यावर पाच मिनिटं बोलल्या. "माह्या पोत्यानं डोळे गेले म्हणून जगाले सांगान, पण बायकोले नाही! उद्या जायचं म्हणजे जायचं. मीबी येते." रुपराव चिठ्ठी फाडायला निघाले होते. ताईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

डॉक्टरांनी तपासलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची अगदी सुरुवात आहे, पण आज काही करायची गरज नाही; सहा महिन्यांनी दाखवा. लांबचं पाहायला बारीक नंबरचा चष्मा दिला. गाडी चालवायला हरकत नाही. रुपरावांनी विचारलं, "चार वर्षांपूर्वीही नसन न हे?" डॉक्टर म्हणाले, "मुळीच नाही." परत येताना ते बसमध्ये खिडकीशी बसले आणि रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या वाचत आले, असं प्रेमिलाताई सांगत होत्या. तेही मोठ्याने वाचत.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी शेवटची चाचणी होती. गॅरेजमागच्या रिकाम्या जागेत मुरमाचा ढीग आणि त्याच्या पायथ्याशी पाण्याचं डबकं. प्रेमिलाताई जाड ताडपत्रीचं नवं झाकण शिवून घेऊन आल्या होत्या. चार कोपऱ्यांना कड्या. त्यांनी ते धर्मेंद्रच्या नाकापुढे धरलं.

"हुंग."

"काकू, नवीन आहे न."

"हुंग म्हणते न मी."

त्याने हुंगलं. मिनलने हुंगलं. मलाही हुंगावं लागलं. मग ते जाळीवर चढलं.

"काका, बसा," मिनल म्हणाली.

"अन् तू? तीन आठवडे शिकली, ते वाया?"

नियम असा आहे की दोन टप्प्यांमध्ये ड्रायव्हर बदलता येतो. रुपरावांनी विचार करून ठेवला होता. "पाण्यात मी. चढावर तू. मी खाली उतरून वाट दाखवीन. डोळे चांगले आहेत माहे, डॉक्टरचा कागद आहे."

मिनल हसली. मग पर्समधून नखांना लावायचा लाल रंग काढून तिने सीटच्या पट्टीवर, आपल्या खाचेशी, एक ठिपका दिला. "ही माझी. बदलताना शोधत बसायला नको."

रुपराव आत बसले. गुडघे स्टीअरिंगला टेकत होते. खालची कळ ओढून त्यांनी सीट एक खाच मागे घेतली, मग आणखी एक. कट्ट असा आवाज झाला. नवा चष्मा नाकावर नीट बसवला, आणि बाहेर हात काढून म्हणाले,

"माह्या खाचेलेबी लाव वं एक."

मिनलने वाकून दुसरा ठिपका दिला. धर्मेंद्र घाई करत होता. रुपराव मात्र रंग वाळेपर्यंत थांबले. मग डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि पहिला गिअर टाकला.