वंदनेच्या चालीत चहा

माशीच्या मेंदूचा नकाशा तयार करायच्या कामात मी आहे, आणि तेही वर्ध्याजवळच्या देवळीतल्या घरात बसून. मेंदूचे अतिपातळ काप करून त्यांचे फोटो काढतात, कॉम्प्युटर त्यातले पेशींचे धागे जोडत जातो आणि तो चुकला की माणसाने दुरुस्त करायचं. तो माणूस म्हणजे मी. एसटीतून निवृत्त झालेल्या बाबांना याची भारी गंमत वाटायची. संध्याकाळी खुर्ची ओढून मागे बसायचे आणि विचारायचे, "काय वं, जुळली का तुही माशी?"

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा मात्र गेली. आमचं बोलणं सगळं कळायचं, पण स्वतःचा शब्द निघत नव्हता. वर्ध्याच्या डॉक्टरांनी रोज चित्रं दाखवून नावं म्हणवून घ्यायला सांगितलं. चमच्याचं चित्र दाखवलं की बाबा घामाघूम व्हायचे आणि शेवटी कार्ड भिरकावून द्यायचे. शेजारची काकू मला म्हणाली, "तू तं मेंदूचंच शिकली नं, मंग बोलतीन का ते?" माशीचे धागे जोडणारी मी, बाबांच्या डोक्यातलं काय सांगणार? स्वतःचाच राग यायचा.

पौर्णिमेला त्यांना बुद्धविहारात नेलं. वंदना सुरू झाली आणि शेजारून ओळखीचा घोगरा आवाज आला. बाबा म्हणत होते, न अडखळता, शेवटपर्यंत. आई रडली, आणि बाहेर आल्या आल्या त्यांच्यावरच उखडली, "तिथं बोलता, अन् घरी काऊन नाई जी?"

तेव्हा मला वाचलेलं आठवलं. बोलण्याची जागा बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे असते. पण पाठ असलेलं, चालीतलं पुष्कळदा शाबूत राहतं, कारण त्याला उजवी बाजूही हात देते असं मानतात. रोजचं बोलणंही चालीत म्हणवून घेऊ का, असं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, करून पाहा.

मग आईने वंदनेच्या चालीवर "मले च्या पाह्यजे" सुरू केलं. आधी ओशाळली, "बरं दिसते का हे?" मग तिलाच चेव आला. पाणी, भाजी, पंखा, घरात सगळं चालीत मागितलं जायला लागलं. बाबा पहिल्यांदा नुसतं "च्या" म्हणाले, तर तिने भर उन्हाळ्यात त्यांना कपावर कप पाजले.

मी त्या विहाराची ऋणी आहे. दीक्षा घेतल्यावर पोराला, म्हणजे बाबांना, दटावून वंदना पाठ करायला लावणाऱ्या आजोबांची आहे, न लाजता गाणाऱ्या आईची तर आहेच.

परवा संध्याकाळी मी कामात होते. मागे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. बाबा बसले, श्वास घेतला आणि त्याच चालीत, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "जुळली... का... तुही माशी?"

"नाई बाबा, अजून लय बाकी हाय," मीही त्याच चालीत म्हणाले.