गुंडी तिसऱ्या काजात

दत्तूआप्पा गेल्याचं पोस्टकार्ड मला सांगलीत मिळालं, तेव्हा त्यांचं दिवसकार्यही उरकलं होतं. त्यांच्या मुलीनं, शालननं, लिहिलेल्या पाचच ओळी. "कोण तुमचे?" घरी आलेल्या शेजाऱ्यांनी विचारलं. "दवाखान्यात ड्रेसर होते," मी म्हणालो आणि पुन्हा एकदा सुटलो... आज सुटायचं नाही, म्हणून लिहितो आहे.

सात वर्षांपूर्वी उंब्रजजवळच्या एका गुरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून बदलून गेलो. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं हे आप्पांचं सरकारी काम. पण फौजेत कुत्र्या-घोड्यांच्या इस्पितळात नोकरी करून ते एक विद्या शिकून आले होते. कमरेतून लुळं पडलेलं जनावर ते हातांनी उभं करत. गरम मिठाची पुरचुंडी आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची, मग शेकायचं. नखांपासून वर मांडीकडे चोळत जायचं आणि एकेक सांधा वाकवून सरळ करायचा, "एक, दो... एक, दो..." ओटीपोट हलकं दाबून लघवी काढायची, अंगाला चट्टे पडू नयेत म्हणून कूस बदलायची. माझ्या पुस्तकांत यातलं फारसं नव्हतं, आणि जे पुस्तकात नाही तो मला खुळेपणा वाटे.

गावातल्या नामदेव शिंप्याची काळी कुत्री हमरस्त्यावर ट्रकखाली सापडली. तिचं नाव गुंडी. मागचे दोन्ही पाय लुळे पडले होते. "आशा सोडा," मी सांगून टाकलं. आप्पांनी मात्र तिच्या बोटांच्या बेचक्यात चिमटा काढला. ती ओरडली नाही, फक्त मान वळवून तिनं आप्पांकडे बघितलं.

"पाय बघू नगा, सायेब. पाय आपसूक बी हालतो. डोळं बघा. तिला कळलंया."

नामदेवानं मांजरपाटाची झोळी शिवली. ती कुत्रीच्या पोटाखालून घ्यायची आणि तिचे पट्टे बांबूच्या चौकटीवरून घेऊन गुंड्या लावून अडकवायचे. प्रत्येक पट्ट्याला पाच काजं. पायांवर भार येईल तसं एकेक काज खाली उतरायचं. पाचव्या काजाला झोळी सैल, कुत्री स्वतःच्या पायांवर. बैल घेऊन आलेले लोक चेष्टा करत, "आप्पा, कुत्रीला कवायत शिकवताय व्हय? फौजंत भरती करणार काय?"

"तुज्यापरीस लवकर हुईल रं भरती," आप्पा म्हणत. त्यांचं "एक, दो..." चुकत नसे.

ऊन चढलं की आप्पा कृष्णेच्या संथ पाण्यात तिला पोटाखाली हात देऊन पोहवत. पंधराव्या दिवशी गुंडी तिसऱ्या काजावर आली.

त्याच आठवड्यात साताऱ्याहून वरिष्ठ तपासणीला येणार असल्याचं कळलं. शेड एकच, ती गुरांसाठी. तिथं शिंप्याची कुत्री झोळीत टांगलेली... साहेब काय म्हणतील, या एकाच विचारानं मला घेरलं. आदल्या दिवशी आप्पा बायकोचे डोळे दाखवायला मिरजेला गेले. जाताना म्हणाले, "दुपारी तेवढी कूस बदला, सायेब."

दुपारी मी शेडमध्ये गेलो. स्वतःच्या समाधानासाठी चिमटा काढला. गुंडी ओरडली नाही. तिनं मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. मला ते दिसलं. हे वाक्य मी आप्पांपुढे कधीच उच्चारलं नाही. मला दिसलं, आणि तरीही मी सुई भरली.

नामदेवाला आणि तपासणी उरकल्यावर परतलेल्या आप्पांना मी एकच सांगितलं, "आपोआप गेली."

आप्पा रिकाम्या झोळीला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "परवा पानी जरा गार हुतं, सायेब. तरी मी पोहवली. छातीत सर्दी बसली आसंल... माज्याच हातानं गेली."

तेव्हा एक शब्द पुरला असता. पण तपासणी चांगली झाली होती आणि मी गप्प राहिलो. पुढच्या महिन्यात लुळी पडलेली शेळी आली, तेव्हा आप्पांनी हात पाठीमागे बांधले. "आमी फकस्त पट्टी बांधतो, सायेब." ती शेळी गेली. त्यानंतर कितीतरी गेली. "एक, दो..." मी पुन्हा ऐकलं नाही.

अर्धांगानं आप्पा अंथरुणाला खिळल्याचं कळल्यावर, मरणाच्या दोन महिने आधी मी उंब्रजला त्यांना भेटून आलो. डावं अंग गेलेलं. मला बघून हसले. "चिमटा काढा बगू." मी डाव्या पायाच्या बोटांत चिमटा काढला. पाय हलला नाही. मी डोळ्यांकडे बघितलं... ते माझ्याकडेच बघत होते.

"आप्पा, ती गुंडी..." मी सुरुवात केली.

"पानी गार हुतं वो त्या दिवशी," ते म्हणाले आणि उजव्या हातानं माझं मनगट थोपटलं. माझंच सांत्वन करत होते ते! मी पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि एस.टी. गाठली.

पोस्टकार्ड आल्यावर मी शालनकडे गेलो. हे सगळं तिला सांगितलं. तिनं मला चहा विचारला नाही, ते बरंच केलं. आतून पत्र्याची ट्रंक ओढून आणली, झोळी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "ह्याला आप्पांनी कुनाला हात लावू दिला न्हाई. आता तुमीच न्या," एवढंच म्हणाली.

झोळी आता माझ्या टेबलावर आहे. मांजरपाट पिवळं पडलंय, शिवण शाबूत आहे. पट्टे चौकटीवरून सोडताना आप्पांनी गुंड्या जिथल्या तिथं पुन्हा लावून ठेवल्या असाव्यात. सगळ्या तिसऱ्या काजात आहेत. खालची दोन काजं कोरी आहेत, कधीच न ताणलेली.